प्र.

साहेबांच्या नावाआधी एक अक्षर आहे,
तेही अर्धवट, पुढे टिंब.
प्र. कार्यालय अधीक्षक, पाणीपुरवठा विभाग.
चार वर्षं झाली, गिरासे साहेब प्रभारीच आहेत.
चार वर्षं मी ते टाइप करते
आणि सहीआधी ते व्हाइटनरने झाकतात,
फुंकर मारतात, वाळू देतात.
नाशिकहून आलेल्या पाकिटावर मात्र इलाज चालत नाही.
ते पाकीट टेबलावर उलटं ठेवायचं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात आमच्या ऑफिसात
सेवाज्येष्ठता यादी काढावी लागत नाही.
कूलर बघावा.
वारा आधी साहेबांच्या खुर्चीवरच्या टॉवेलला,
मग वरिष्ठ लिपिक बागुलांच्या कागदांना,
त्यातून उरला तर सैंदाण्यांच्या डाव्या कानाला.
एकदा जेवणाच्या सुट्टीत सैंदाण्यांनी
कूलर चार बोटं वळवला.
बागुलांनी अर्ज दिला. लेखी.
त्याला आवक क्रमांक मीच टाकला.

सोमवारी परिपत्रक आलं:
यापुढे ‘व्हॉलमन’ असा उल्लेख करू नये,
‘जलवितरण सहायक’ असे संबोधावे.
बागुलांनी दोन दिवस चहा घेतला नाही.
सहायक? मग आमच्यात नि त्यांच्यात फरक काय उरला?

लोटन आप्पा दारातच उभे, खांद्यावर लोखंडी पाना,
पायजमा गुडघ्यापर्यंत ओला.
त्या वेळी अख्ख्या दोंडाईच्यात
ओला असलेला तो एकच माणूस असेल.
मी वाचून दाखवलं.
‘पगार वाढना का, ताई?’
‘नाही, आप्पा.’
‘मंग पाटी कोठे लावसू? व्हॉलवर?’
आणि हसले, खळ्यावरच्या मिरचीचा ठसका लागेपर्यंत.

दुपारी फोन. बाई घाईत:
‘व्हॉलवाला भाऊ शे का? नऊ दिन व्हयनात, पानी उनं नही.’
नियमाप्रमाणे मी म्हटलं,
जलवितरण सहायक फिल्डवर आहेत.
पलीकडे सगळं गप्प.
मग हळूच, कुणी गेल्यासारखं:
‘त्यानी बदली व्हयनी का, माय?’

हसू नका. मीही
लेकीच्या शाळेच्या फॉर्मवर, आईचा व्यवसाय या रकान्यात,
‘नगरपरिषद’ एवढंच लिहिलं.
‘कंत्राटी’ हा शब्द पेनाच्या टोकापर्यंत आला होता,
तिथून परत गेला.
‘पण तू तिथली कोण?’ लेकीने विचारलं.
मी म्हटलं, तव्यावर बघ, भाकर करपतेय.

गुरुवारी कूलर कोरडा पडला.
पाणी भरणं कुणाच्याच कामाच्या यादीत नाही,
हे त्या दिवशी कळलं.
आजवर जाता जाता आप्पाच दोन बादल्या ओतायचे,
कुणी न सांगता.
ते आज टाकीकडे.
पंखा भट्टीचा वारा फेकत राहिला,
आणि त्या वाऱ्यात पहिल्यांदाच
आम्ही सगळे एका पगाराचे झालो.
बागुल सैंदाण्यांकडे बघतात,
सैंदाणे माझ्याकडे,
मी स्क्रीनकडे.

मग भिंतीतल्या पाइपात गुरगुर झाली,
म्हणजे आप्पांनी व्हॉल फिरवला.
साहेब उठले.
दार ओढून घेतलं, बादली नळाखाली धरली,
पँटवर पाणी सांडलं.
तीन खेपा केल्या.
आम्ही तिघंही इतके कामात होतो
की कुणालाच काही दिसलं नाही.

संध्याकाळच्या पत्रात
‘प्र.’ टाइप करायला मी विसरले.
विसरले, असंच म्हणू.
साहेबांनी सही केली. थांबले.
मग स्वतःच पेनाने, बारीक अक्षरात,
नावाआधी ते अक्षर लिहिलं, पुढे टिंब दिलं.
‘ऑडिट असतं,’ म्हणाले,
आणि ओली पँट झटकत
टॉवेलवर न टेकता बसले.